नाण्यावरची ती, नाण्यामागच्या त्या

गेल्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. पाटावर नाणी मांडत होते. सासूबाईंच्या माहेरचे चार चांदीचे रुपये, सराफाकडचं लक्ष्मीच्या छापाचं एक नाणं, शेजारी आमच्या बचत गटाची हिशेबाची वही. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो या वेळी दिवाळीला आमच्याकडे होता. त्याने खिशातून एक छोटं पाकीट काढलं आणि म्हणाला, "मावशी, हेही ठेव पूजेत."

पाकिटात चांदीचं एक काळपट नाणं होतं. वजनाला तोळ्याहून थोडं जास्त. एका बाजूला बाईचा चेहरा, मोकळे कुरळे केस, मागे बांधलेली फीत, खांद्यावर सैलसर वस्त्र. खाली साल १८०६. दुसऱ्या बाजूला गरुड. हा अमेरिकेचा अर्धा डॉलर. आणि बाईच्या डोक्याच्या बरोब्बर वर एक भोक!

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "भोक पडलेलं नाणं पूजेत नको बाई. आमच्या लहानपणी भोकाचा पैसा होता, तो वेगळा. तो सरकारनेच भोक पाडून दिलेला."

भाचा हसला. "आजी, त्या भोकामुळेच तर मला परवडलं. धड असतं तर माझा महिन्याचा पगार गेला असता."

पूजा झाली, फराळ झाला, पण ते भोक काही माझ्या डोक्यातून जाईना. दोनशे वर्षांपूर्वी चांदीच्या नाण्याला कुणी कशासाठी भोक पाडलं असेल? भाच्याने सहज सांगितलं, "गळ्यात घालायला गं. तिकडे जुन्या नाण्यांना अशी भोकं खूप सापडतात. पण संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणं खराब."

मैत्रिणींनो, या 'खराब' शब्दावर मी अडले, आणि म्हणून आज हे लिहायला बसले. भाच्याला हा नाद गेली सात-आठ वर्षं आहे. त्याच्याकडून ऐकलं, त्याने दिलेलं वाचलं, आणि एक गोष्ट मला पक्की पटली. या नाण्यांच्या बाजारात बाईचा चेहरा सगळ्यांना हवा आहे. बाईच्या हाताची खूण मात्र दोष म्हणून लिहिली जाते.

आधी चेहऱ्याचं सांगते. अमेरिका स्वतंत्र झाली तरी तिथे बाजारात स्पेनची, इंग्लंडची, मिळतील ती नाणी चालत. २ एप्रिल १७९२ रोजी स्वतःच्या नाण्यांचा कायदा झाला आणि फिलाडेल्फिया शहरात टांकसाळ उभी राहिली. नाण्यावर काय छापायचं यावर वाद झाला. अध्यक्षांचा चेहरा छापावा असं काहींचं म्हणणं. बाकीचे म्हणाले, नको, ती राजेशाहीची रीत झाली, राजाला घालवून आपण आत्ताच मोकळे झालोय. शेवटी ठरलं की नाण्याच्या एका बाजूला स्वातंत्र्याचं प्रतीक असावं. आणि ते प्रतीक काय काढलं? बाई! तिचं नाव लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी. माझ्याकडच्या नाण्यावरचा चेहरा फिलाडेल्फियातल्या अ‍ॅन बिंगहॅम नावाच्या श्रीमंत घरच्या देखण्या बाईवरून काढला, असं सांगतात. पण त्याला लेखी पुरावा नाही.

आता गंमत बघा. ज्या देशाने स्वातंत्र्य म्हणून बाईचा चेहरा नाण्यावर घातला, त्या देशात लग्न झालेल्या बाईला ते नाणं स्वतःचं म्हणून ठेवायचा हक्क नव्हता. बाईचं लग्न झालं की तिची कमाई आणि तिच्याकडचं रोख, दागिने हे सगळं कायद्याने नवऱ्याचं. न्यू यॉर्क राज्याने बायकांच्या मालमत्तेचा कायदा केला तो १८४८ मध्ये. देशभरच्या बायकांना मतदानाचा हक्क आला तो १९२० मध्ये. आणि रोजच्या व्यवहारातल्या नाण्यावर खरी, नाव-गाव असलेली अमेरिकन बाई यायला १९७९ साल उजाडलं. ती सुझन अँथनी, बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्य घालवलेली. म्हणजे १८७ वर्षं देवी चालली, माणूस नाही. पुढे २०२२ ते २०२५ या चार वर्षांत तिथल्या पाव डॉलरच्या नाण्यांवर वीस कर्तबगार बायका आल्या, तेव्हा कुठे थोडी भरपाई झाली.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही सून घरात येते ती लक्ष्मी म्हणून, माप ओलांडून. आणि घराच्या उताऱ्यावर तिचं नाव लावायचं म्हटलं की चार तोंडांना आठ्या पडतात.

असो. आता हाताच्या खुणेकडे येते.

त्या काळी नाणं म्हणजे नुसता शिक्का नव्हे, तितकी चांदी किंवा तितकं सोनं. सुरुवातीच्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांवर तर किंमतच लिहिलेली नसे. वजन हीच किंमत. माझ्याकडच्या नाण्यावरही पन्नास सेंट हे शब्द दर्शनी बाजूला नाहीत, नाण्याच्या कडेवर आहेत. त्यामुळे छाप पाडायच्या आधी प्रत्येक कोरी चकती तराजूत घालावी लागे. कमी भरली तर पुन्हा वितळवायची. जास्त भरली तर कानशीने घासून बरोबर वजनाला आणायची. मग तिच्यावर ठसा. ठशाचा दाब कमी पडला तर कानशीचे ते बारीक ओरखडे नाण्यावर तसेच राहत. दोनशे वर्षांनी आजही ते दिसतात.

हे तोलायचं आणि घासायचं काम कोण करत होतं? टांकसाळीच्या जुन्या नोंदींत १७९५ सालची दोन नावं आहेत. सेरा वॉल्ड्रेक आणि रेचेल समर्स. टांकसाळीत नोकरीला लागलेल्या या पहिल्या बायका. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तर या कामाची वेगळी खोलीच झाली आणि तिथे ओळीने बायका बसू लागल्या. समोर तराजू, हातात कानस. काम एकसुरी, पण जबाबदारीचं. गुंजभर चुकलं तरी सरकारच्या शब्दाला बट्टा. आपण निवडण-टिपण करतो ना, तसंच. खडा राहिला की सगळ्यांच्या दाताखाली येतो, नाही राहिला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझ्याकडच्या नाण्यावर गरुडाच्या बाजूला असे तीन-चार ओरखडे आहेत. ते कुणाच्या हातचे, आज सांगता येणार नाही. पण भिंगातून ते पाहताना मला त्या चेहऱ्यापेक्षा त्या रेघा जास्त जवळच्या वाटल्या. संग्राहकांचा हिशेब मात्र वेगळा. ते म्हणतात, टांकसाळीतच झालंय म्हणून माफ, पण रेघा ठळक असल्या तर भाव उतरणार.

भोकाला तर माफीच नाही. तिकडे नाण्यांना दर्जाचे आकडे देणाऱ्या संस्था आहेत. भोक पडलेल्या नाण्याला त्या आकडाच देत नाहीत. 'बिघडलेलं' असा शेरा मारतात. आता मला सांगा, ते भोक पाडलं कसं आहे? बरोबर डोक्याच्या मधोमध वर. म्हणजे दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं की देवीचा चेहरा सरळ राहावा. ज्याने पाडलं त्याने विचार करून पाडलं. कुणा आईने तान्ह्या लेकीच्या गळ्यात बांधलं असेल, नाहीतर कुणी बायकोला दिलं असेल. त्या भोकापायी 'लिबर्टी' शब्दातलं मधलं अक्षर मात्र उडालंय.

भोक पाडून गळ्यात घालणं, कडी लावून माळेत ओवणं यात बिघडण्यासारखं काय आहे? आपली पुतळ्यांची माळ कुठून आली? जाणकार सांगतात की व्हेनिसची सोन्याची नाणी व्यापारातून आपल्याकडे आली. त्यांवर उभ्या माणसांच्या आकृती होत्या, म्हणून आपण त्यांना पुतळी म्हणू लागलो आणि गळ्यात घातली. जिच्या नावावर जमीन नाही, पेढीवर खातं नाही, तिच्यासाठी गळ्यातलं नाणं हीच बँक. तिकडच्या बाईचंही तेच असणार.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. माझ्या आजीची पुतळ्यांची माळ आईकडून माझ्याकडे आली होती. २००९ मध्ये मी ती मोडीत दिली आणि बांगड्या केल्या. सराफाने प्रत्येक पुतळीच्या कडीचा डाक धरून घट कापली. मी निमूट मान हलवली. पुतळ्यांवर काय होतं, सगळ्या सारख्या होत्या का, एखादी खरीच जुनी परदेशी होती का, हे मी एकदाही निरखून पाहिलं नाही. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "विचारायचं तरी होतंस." त्या बांगड्यांचा घाट आता जुना झालाय. माळेचा फोटोसुद्धा माझ्याकडे नाही.

अमेरिकेची सुरुवातीची सोन्याची नाणी आज दुर्मिळ का, याचं उत्तर वाचताना म्हणूनच माझ्या पोटात कालवलं. ती कमी घडली असं नाही. ती मोडीत गेली. नाण्यावर ठरलेल्या किमतीपेक्षा आतलं सोनं महाग झालं आणि लोकांनी ती पोत्यांनी वितळवली. शेवटी १८३४ मध्ये सरकारला नाण्यातलं सोनं कमी करावं लागलं. १८२२ सालची पाच डॉलरची सोन्याची नाणी नोंदीप्रमाणे १७,७९६ घडली होती. आज माहीत आहेत ती तीन. त्यातली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात. तिसरं मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला विकलं गेलं. जे वाचलं ते कुणीतरी मोडीत दिलं नाही म्हणून वाचलं.

आणि 'दोष' किती सोयीचा असतो तेही पाहा. १७९४ साली अमेरिकेने पहिले चांदीचे डॉलर पाडले, एकूण १,७५८. त्यातला एक जानेवारी २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेला. त्या नाण्यावरही कानशीचे ओरखडे आहेत. एवढंच नाही, वजन कमी भरलं म्हणून चकतीच्या मधोमध भोक पाडून चांदीची गुळी बसवलेली आहे! तिथे मात्र कुणी त्याला खराब म्हणत नाही. तिथे तो इतिहास. श्रीमंताघरचा ठिगळ लावलेला शालू 'पिढीजात' आणि गरिबाचं ठिगळ ते ठिगळ, त्यातलीच ही गत.

या नाण्यांच्या एका गोष्टीत आपल्याकडचाही धागा आहे. १८३४ मध्ये अमेरिकन सरकारने पूर्वेकडच्या राजांना नजराणा म्हणून नाण्यांचे खास संच बनवले. त्यात एक चांदीचा डॉलर होता, साल १८०४ चं, पण घडवला तीस वर्षांनी. तसे डॉलर आज जगात जेमतेम पंधरा-सोळा आहेत. त्यामुळे फुटपाथवर कुणी '१८०४ चा डॉलर' दाखवला तर तो नकली हे न विचारता समजा. तर, एडमंड रॉबर्ट्स नावाचा दूत हे नजराणे घेऊन निघाला. १८३५ मध्ये त्याचं 'पीकॉक' जहाज ओमानच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि दुरुस्तीला आपल्या मुंबईच्या गोदीत आलं. पुढे १८३६ मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाला त्याचा संच मिळाला.

मग तो संच दिसेनासा झाला आणि १९६२ मध्ये एकदम लंडनच्या व्यापाऱ्यांकडून बाहेर आला. मधल्या काळात तो कुठे होता? संग्राहकांत अशी वदंता आहे की राजा मोंगकुटने तो आपल्या मुलांच्या शिक्षिकेला, अ‍ॅना लिओनोवेन्सला दिला आणि तिच्या वंशातल्या बायकांनी तो विकला. 'द किंग अँड आय' हा सिनेमा जिच्यावर आहे ती ही अ‍ॅना. स्वतःचा जन्म वेल्समधला म्हणून ती सांगत राहिली. प्रत्यक्षात ती १८३१ मध्ये जन्मली आपल्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला! आपल्या घराण्यातलं भारतीय नातं उघड होऊ नये म्हणून तिने ते लपवलं, असं तिच्या चरित्रकारांना वाटतं. २००५ मध्ये हा संच सुमारे ८५ लाख डॉलरला गेला. त्याच्या इतिहासात अध्यक्षांचं नाव ठामपणे येतं, राजाचं येतं, दूताचं येतं. अ‍ॅनाचं येतं ते 'म्हणे' म्हणून. तिने संच सांभाळला असेल-नसेल, कुठे लिहून ठेवलं नाही, म्हणून आज काहीच सिद्ध होत नाही.

लिहून ठेवणं किती मोठं असतं, हे मला आमच्या भागातल्या एका काकूंमुळे कळलं. काका पोस्टात होते. चाळीस वर्षं नाणी जमवली. होळकरांची, पोर्तुगीज अमदानीतली, इंग्रजांची. रविवारी दार लावून बसायचे. काकूंनी चहाचा कप दाराशी ठेवायचा, आत जायचं नाही. काका अचानक गेले. काकूंच्या पेन्शनच्या कागदांसाठी मी त्यांच्याकडे जात होते, तोवर एक व्यापारी येऊन सगळं घेऊन गेला होता. चांदी वजनावर, तांबं भंगाराच्या भावाने. पाहुणे येणार म्हणून काकूंनी त्याआधी नाणी चिंचेने घासून लख्खही केली होती. जुनं नाणं घासलं की त्याची किंमत उतरते, हे त्यांना कोण सांगणार? "मला काय माहीत गं, त्यांनी कधी सांगितलंच नाही," एवढंच त्या म्हणत राहिल्या. नुकसान किती झालं ते कुणालाच माहीत नाही, कारण यादीच नव्हती.

याच्या उलट उदाहरणही त्याच अमेरिकेतलं आहे. एमरी मे नॉर्वेब. त्यांच्या आजोबांचं नावच लिबर्टी होल्डन! वडिलांना नाण्यांचा नाद, आणि त्यांनी लेकीला लहानपणापासून शेजारी बसवून नाणी ओळखायला शिकवलं. हीच मुलगी पुढे अमेरिकेतल्या नामवंत संग्राहकांत गणली गेली. १९७८ मध्ये नॉर्वेब पतिपत्नींनी १९१३ सालचं एक अतिदुर्मिळ निकेलचं नाणं स्मिथसोनियनला दिलं. त्यांच्या संग्रहाचा १९८७-८८ मध्ये लिलाव झाला, तेव्हा तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. काकू आणि नॉर्वेबबाई यांच्यात अकलेचा फरक नव्हता. एकीला दाराबाहेर ठेवलं, दुसरीला शेजारी बसवलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना असा नाद आहे त्या पुरुषांनी, मग नाणी न्यू जर्सीत असोत की नेवाशात, घरातल्या बाईला दार उघडावं. काय आहे, कितीला घेतलं, विकायचं तर कुणाला विचारायचं, हे तिच्या हातात लिहून द्यावं. आणि आपण बायकांनीही "मला नाही बाई त्यातलं कळत" हे वाक्य जरा बाजूला ठेवावं. चार साध्या गोष्टी करता येतात. घरातल्या जुन्या नाण्या-दागिन्यांची वहीत नोंद करा. वस्तू काय, कुणाची, कुणाकडून आली, केव्हा. शेजारी फोटो लावा. नाणं राखेने, चिंचेने घासू नका. मोडीत द्यायच्या आधी दोघा-तिघा जाणकारांना दाखवा, आणि घरातल्या मोठ्या बाईला एकदा विचारा. ती काय सांगेल ते कुठल्याच पुस्तकात नसतं.

भाचा जाताना ते नाणं मलाच देऊन गेला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी ते स्वतःच देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाल्या, "राहू दे. कुणातरी बाईच्या गळ्यातलं आहे."

मी नवी वही घातली आहे. पहिली नोंद अशी: चांदीचा अर्धा डॉलर, साल १८०६, भोक आहे, कानशीच्या खुणा आहेत. भाच्याने दिला. मोडू नये. दुसऱ्या पानावर आजीच्या माळेबद्दल आईला आठवेल ते सगळं लिहून घेते आहे. आई सत्तरीची आहे. पुतळ्या किती होत्या, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.